मोठ्या बाईंचं एकच म्हणणं

मास्तरकी केलेली दोन माणसं एकत्र बसली की तिसऱ्यानं घड्याळाकडे बघू नये. चहा येतो, निवतो, पुन्हा गरम होऊन येतो, पण किस्से काही संपत नाहीत. परवा आमच्या खारघरच्या सोसायटीत एक तरुण मुख्याध्यापिका सांगत होत्या, त्यांना म्हणे तीन दिवसांचं ट्रेनिंग झालं. विषय काय, तर शाळेचं ध्येय कसं ठरवावं!

मी म्हटलं, "आमच्या मोठ्या बाईंनी ते तीन मिनिटांत ठरवलं होतं."

"ते कसं?" त्यांनी विचारलं. झालं! मला एवढंच निमित्त पुरतं.

* * *

पन्नासच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. मी साताऱ्याकडचा, विशीतला. पहिलीच नोकरी, आणि ऑर्डर निघाली ती थेट उलव्याच्या अलीकडच्या एका खाडीकाठच्या गावाची. पुढं खाडी, मागं भाताची खाचरं, बाजूला मिठागरं. शाळा म्हणजे कौलारू तीन खोल्या आणि ओटी. मालतीबाई तिथं हेडमास्तर होत्या. बुटक्या, चष्मा नाकावर घसरलेला, आवाज मात्र पार बंदरापर्यंत जाणारा. सगळं गाव त्यांना मोठ्या बाई म्हणायचं.

मी ऑर्डर पुढं केली. त्यांनी ती न वाचताच विचारलं, "काय करायला आलात?"

"शिकवायला."

"ते सगळेच येतात. ऐका. ह्या गावात चौथीनंतर एक मुलगी शाळेत दिसत नाही. मला मुली सातवी पास झालेल्या बघायच्यात. तुम्ही गणित शिकवा, भूगोल शिकवा, कवायत घ्या. पण संध्याकाळी मला सांगायचं, त्या कामासाठी आज काय केलंत?"

मला वाटलं, नव्या माणसाला घाबरवायला म्हणत असतील. पण रोज संध्याकाळी कुलूप लावताना प्रश्न ठरलेला. एकदा मी कंटाळून म्हटलं, "आज काहीच नाही बाई."

बाई शांतपणे म्हणाल्या, "मग आज अर्धी रजा मांडू का?"

* * *

तेव्हा शाळा तपासायला यायचे ते दिपोटीसाहेब. त्यांनी फर्मान काढलं, की प्रत्येक शाळेनं आपलं ध्येय दर्शनी भिंतीवर लिहावं. हे काम आलं पाटील गुरुजींकडे. पाटील गुरुजी म्हणजे आमच्यातले सगळ्यात जुने शिक्षक. अक्षर मोत्यासारखं आणि भाषा तांब्या-पितळेच्या भांड्यासारखी जड. त्यांनी लिहिलं, 'बालकांच्या शारीरिक, बौद्धिक व नैतिक शक्तींचा समन्वित परिपोष साधणे.'

बाईंनी वाचलं. तेवढ्यात होडीवाला धर्मा तांडेल पोरीला सोडायला आला होता. बाईंनी त्यालाच ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि विचारलं, "काय कळलं, धर्मा?"

धर्मानं डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला. दबक्या आवाजात म्हणाला, "बाय, कोन मयत झालाय कं?"

पाटील गुरुजींनी स्वतःच ओला फडका आणला. बाईंनी नवीन वाक्य सांगितलं, ते त्यांनी लिहिलं: 'मुलींनी सातवीपर्यंत शिकायचं. मुलांनीही.'

पुढच्या तपासणीला दिपोटीसाहेब भिंतीपुढं थबकले. "अहो बाई, असं कसं? मुलांचं काय?"

"म्हणून तर शेवटी 'ही' लावलाय, साहेब!"

* * *

मुली शाळा का सोडतात, तर धाकटी भावंडं सांभाळायला. आई मासळीची पाटी घेऊन बाजाराला, बाप होडीवर, मग तान्ह्याला कोण बघणार? बाईंनी निकाल दिला, "पोर घेऊन या."

दुसऱ्या दिवशी ओटीवरच्या आढ्याला तीन झोळ्या टांगलेल्या! पाटील गुरुजी भडकले. "ही शाळा आहे का पाळणाघर?"

"संध्याकाळपर्यंत ठरवू," बाई म्हणाल्या.

दुपारी त्यातलं एक पोर असं काही रडायला लागलं, की तिन्ही वर्ग बंद पडले. त्याच्या बहिणीनं झोके दिले, मी खुळखुळा म्हणून खडूची डबी वाजवली, बाईंनी साखर चाटवली. पोर ऐकेना. शेवटी गुरुजींनी वैतागून ते उचललं, खांद्यावर टाकलं आणि आपल्या वर्गात फेऱ्या मारत तेविसाचा पाढा सुरू केला. तेवीस चोक ब्याण्णवपर्यंत पोर गाढ झोपलं.

त्यानंतर रोज दुपारी गुरुजींच्या खांद्यावर एक तरी पोर असायचंच. मी चिडवलं, तर म्हणाले, "माझ्या तासाला वर्ग झोपतो अशी पूर्वी तक्रार होती. आता ती पात्रता झालीय!"

* * *

एकदा दिपोटीसाहेब सकाळी अकराला न कळवता आले. शाळेत मुलं मूठभर, मुली शून्य. ओटीवर बाई एकट्या वह्या तपासत बसलेल्या.

"शाळा किती वाजता भरते?" साहेबांनी कडक आवाजात विचारलं.

"आज भरतीला, साहेब."

"म्हणजे?"

"ओहोटी लागली की मुली आयांबरोबर खाडीच्या चिखलात उतरतात. चिंबोऱ्या, निवट्या धरायला. तो घरचा धंदा आहे, तो बुडवा म्हटलं तर त्या शाळाच बुडवतील. पाणी चढलं की चिखलात काम नसतं. मग शाळा."

"आणि उद्या?"

"उद्या पाऊण तास उशिरा."

साहेब म्हणाले, "ह्याला टाइमटेबल म्हणतात?" आणि तिथंच खुर्चीवर बसले. रिपोर्ट लिहायला पेनही काढलं. तासाभरात पाणी चढलं, आणि बांधावरून मुलींची रांग आली. पोटऱ्यांपर्यंत चिखल, हातात पाट्या. विहिरीवर पाय धुऊन एकेक जण आत जाऊन बसली. साहेबांनी स्वतः डोकी मोजली. पटावरच्या सगळ्या हजर!

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. जाताना म्हणाले, "पुन्हा आलो तर शाळा भरलीय का नाही, हे मला कसं कळायचं?"

"होडीनं या साहेब. होडी काठाला लागली, की शाळा भरलेली असेल!"

* * *

हे सगळं ऐकून वाटेल, की बाईंचं कधी चुकायचंच नाही. चुकायचं! आणि एकदा चांगलंच चुकलं.

मुली पाचवी-सहावीपर्यंत यायला लागल्या, आणि एका वर्षी अचानक मोठ्या मुलींची गळती लागली. कुणी पोटात दुखतं म्हणे, कुणी पाहुणे आलेत. बाई घरोघर फिरल्या. प्रत्येक दारात शिक्षणावर भाषण. बायका माना डोलवायच्या, चहा द्यायच्या, आणि दुसऱ्या दिवशी मुलगी पुन्हा गैरहजर! दोन महिने हेच चाललं. बाईंची झोप उडाली.

शेवटी धर्माच्या म्हाताऱ्या आईनं त्यांना मधेच थांबवलं. "बाय, तुजा समदा ऐकला. आता माजा आईक. पोरी मोठ्या झाल्या. तुजे शालंला आडोसा हाय कं कुठं? पोरींनी दिसभर जायाचा कुठं?"

बाई तिथूनच उठल्या. शाळेत आल्या आणि ओटीवर बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "दोन महिने मी बडबडत होते हो. विचारलं एकीलाही नाही."

दुसऱ्या दिवशी धर्मानं बांबू आणले, बायकांनी कूड विणून शेणानं लिंपला, आणि शाळेमागे मुलींसाठी मोरी उभी राहिली. आठवड्यात सगळ्या परत.

पाटील गुरुजी तेवढ्यातही म्हणाले, "बाई, ध्येय भिंतीवर होतं. भिंत कमी पडली!"

एरवी बाई त्यांना फाडून खात्या. त्या दिवशी त्यांनी फक्त मान हलवली.

* * *

आता शेवटचा सांगतो. सातवीची फायनल म्हणजे तेव्हा मोठी परीक्षा, पनवेलला जाऊन द्यावी लागायची. सहावी पास झालेल्या आमच्या चार मुली होत्या. त्यातल्या तिघींना घरच्यांनी सातवीच्या वर्षी घरी बसवलं. उरली एकटी हिरा, धर्मा तांडेलाची मुलगी.

धर्माला भावकीनं खूप टोचलं. "पोरीला कलेक्टर करतंस कं?" धर्मा हसण्यावारी न्यायचा, पण आतून चरकायचा. बाईंनी वर्षभर हिराला सकाळ-संध्याकाळ शिकवलं. परीक्षेच्या दिवशी धर्मानं स्वतः तिला होडीतून पनवेलच्या बंदरावर नेलं. बरोबर बाई आणि मी. परीक्षेच्या हॉलमध्ये सगळी मुलं. शेवटच्या बाकावर हिरा एकटीच मुलगी. दारातून तिनं मागं वळून बघितलं, ते मला अजून दिसतं.

निकाल लागला. हिरा गणितात नापास.

ज्या मुलीला अपूर्णांक तोंडपाठ, ती गणितात गेली! गावात जे हसायचे ते मोठ्यानं हसले.  बाईंनी त्या दिवशी संध्याकाळचा प्रश्नही विचारला नाही. पाटील गुरुजी मला हळूच म्हणाले, "उद्या धर्मा नाव काढायला येणार. आणि हिरा गेली, की बाकीच्या मुली आठ दिवसांत जातील."

दुसऱ्या दिवशी सकाळी धर्मा आलाच. आम्ही तिघंही उभे राहिलो. त्याच्या मागं हिरा, डोळे सुजलेले. आणि तिच्या मागं आणखी तिघी. घरी बसवलेल्या त्याच.

"बाय," धर्मा म्हणाला, "पोर सांगते, गनित येत व्हता. पन समदे पोरगेच, आन ही यकटी. पेपर अर्दा टाकून उठली. त्या करता ज्यांनी मना टोचला, त्यांचेच दारान मी काल जाऊन बसलो. तिगींना मागून आनलाय. यंदा चौगींना बसवा."

बाईंनी हजेरीपट उघडला. पेन हातात घेतलं, पुन्हा खाली ठेवलं. मग तो पट पाटील गुरुजींकडे सरकवत म्हणाल्या, "नावं तुम्ही घाला, गुरुजी."

आणि पाठमोऱ्या होऊन फळा पुसायला लागल्या. बराच वेळ पुसत होत्या.

फळा कोराच होता.