डब्यावरचं कुंकू

दुकानदाराने माझ्यापुढे अँटिव्हायरसची तीन खोकी मांडली. "काका, कॉम्प्युटरमधलं काय सांभाळायचंय ते सांगा, मग ठरवू."

काय सांगणार? मी त्यावर पत्ते खेळतो, मुलीचे फोटो बघतो. दरवर्षी दसऱ्याला माझी बायको, सुमन, त्या कॉम्प्युटरच्या डब्याला हळदकुंकू लावायची, वर झेंडूचं फूल ठेवायची. "आता वर्षभर काही होत नाही त्याला," असं ठासून सांगायची. व्हायरस काय कुंकवाला भितो, म्हणून मी हसायचो. राखण करणारं माणूस घरात असतं, तोवर त्याच्या राखणीचं हसूच येतं. गेल्या दसऱ्यानंतर महिन्याभरात ती गेली.

मी मधलं खोकं निवडलं आणि सोबत नेलेला कॉम्प्युटर त्याच्याकडे ठेवून आलो. संध्याकाळी दुकानदार स्वतः कॉम्प्युटर घरी घेऊन आला. पडद्यावर हिरवी खूण होती आणि शेजारी लिहिलं होतं, 'आपला संगणक सुरक्षित आहे.'

"बाहेरूनही चकाचक केलाय, काका. पुढे कसले तरी लाल डाग होते, घासून काढले."

मी त्याला चहा दिला.

तो गेल्यावर त्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवत बसलो. काय सांभाळायचंय, असं त्याने विचारलं होतं. तेव्हा मला आठवलंच नाही.