त्याची आई ऐकत होती
मलमाचा उग्र वास आला की अमेरिकेतल्या इलिनॉयमधली रेडिओची केबिन आठवते. तिथले समालोचक स्वतः पूर्वी बेसबॉलचे पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे; मलमाने खांदा चोळूनच माइकसमोर बसायचे. तालुक्याच्या शाळेत शिकून तिकडे गेलेल्या मला केबिनमधलं मदतनिसाचं काम त्यांनीच दिलं होतं. एका दुपारी चेंडू टाकताच तरुण पिचर कोपर धरून खाली बसला. त्यांनी माइक बंद केला. "संपला रे हा. माझंही असंच झालं होतं." "सर, श्रोते थांबलेत," मी म्हणालो. "त्याची आईही रेडिओ लावून बसलीय," म्हणत त्यांनी माइक सुरू केला आणि हसून सांगितलं, "पेटका आलाय, आठवड्यात परतेल!" तो पुन्हा कधीच खेळला नाही. त्या खोटेपणाचा मला राग आला होता. परवा बाबांचा रिपोर्ट वाईट आला. घरात इंग्रजी वाचता येणारा मी एकटाच. आईला फोनवर म्हणालो, "इन्फेक्शन आहे गं, औषधाने जाईल."