घराचं तोंड दर्याकडे

साहेबानं नाकावरचा रुमाल काढला नाही. रस्त्यावरूनच छत्रीच्या टोकानं आमची भिंत दाखवली.

"ही घराची पुढची बाजू? ही तर मोरी आहे."

समोरच्या नव्या इमारतीच्या गॅलरीत कुणीतरी हसलं. बाप हात जोडून उभा. त्याच्या नखांत अजून चुना होता.

आमच्या छपराची कौलं फुटली होती. पावसाआधी बदलायची, तर महापालिकेची परवानगी हवी. अंधेरीच्या कचेरीत खेटे घालून बापलेक दोघेही थकलो होतो. शेवटी हा साहेब म्हणाला, "पुढची बाजू नीटनेटकी करा. मी बघायला येतो."

आम्ही केली. बापानं चुना फासला, आयनं दाराला निळा रंग दिला. दर्याकडच्या बाजूला. आमच्या कोळीवाड्यात घराचं तोंड दर्याकडेच असतं. दारातून होडी दिसली पाहिजे. रस्ता तर आत्ता आला, आमच्या पाठीमागून. त्याच्या कडेनं इमारती आल्या. पाठीमागे काय असणार? सांडपाणी, फाटकी जाळी, बांबूच्या वलांड्यांवर सुकणारे बोंबील.

बाप हळूच म्हणाला, "साहेब, पुढं येऊन बघा ना. रंगवलंय."

"तिकडून कोण बघणार आहे? मासे? हे बोंबील काढा. इथे उंच भिंत घाला. रस्त्यावरून तुम्ही दिसता कामा नये. मग परवानगी."

"मग बोंबील कुठं सुकवू?" आय म्हणाली. "तुझ्या घरात?"

"गप गं," बाप म्हणाला आणि वलांडीची दोरी सोडू लागला.

मी तेव्हा चळवळीच्या सभांची पत्रकं वाटत फिरायचो. मोठाले शब्द तोंडपाठ होते. त्या वेळी एकही आठवला नाही. बापाचे हात तेवढे दिसले. वादळात शीड सांभाळणारे हात, आज आपलीच दोरी सोडत होते.

मी दोरी त्याच्या हातातून घेतली. परत बांधली. घट्ट.

"भिंत नाही घालणार," मी साहेबाला म्हटलं.

"मग छप्पर विसरा."

तो गेला. बाप माझ्याकडे पाठ करून होडीकडे निघून गेला. आय खाली पडलेले बोंबील वेचत राहिली.

कौलं आम्ही चढवली. विनापरवाना. घर पाडायची नोटीस आली, आणखी येतील. दर वेळी कचेरीतल्या त्याच बाकावर बसायचं, तेच ऐकायचं. जीव विटलाय.

पण घर फिरवणार नाही. पाडायचं असेल तर पाठीमागून येऊ नका. समोरून या. आम्ही दारात आहोत.