पुढच्या शाफ्टवरचे दोन लाल ठिपके

"पंचेचाळीसच्या वर गेली की थरथर सुरू," पार्सेचे बाबलोदादा तिसऱ्यांदा सांगत होते. "स्टेअरिंग धरल्यार माझे हात म्हाताऱ्यासारखे हलतत. बायल इचारता, सकाळीच घेतलीस काय?"

त्यांची पिकअप जुनी, फोर-व्हील-ड्राइव्ह. डोंगरावरच्या बागेतून नारळ उतरवायला तीच चालते. पाडलेले नारळ वर पडून होते.

आमचं गॅरेज डिचोलीला. मी गाडी उघडत नाही. उघडलेले पार्ट रॉकेलने धुते, ग्रीस भरते आणि मेस्तांना देते. मालक तेच, मेकॅनिकही तेच.

मेस्तांनी आधी चाकांचं बॅलन्सिंग केलं. मग पुढचे टायर मागे टाकून पाहिले. जॅक लावून चाकं हातांनी हलवली. कुठेच ढिलं नव्हतं. थरथर तशीच.

मग त्यांनी हब पाहिले. पुढच्या चाकाच्या मधोमध एक गोल खटका असतो. तो लॉक केला की चाकाबरोबर आतला अॅक्सल फिरतो, फ्री केला की चाक एकटं फिरतं. डोंगर रोजचा, म्हणून बाबलोदादा हब कायम लॉक ठेवतात. मेस्तांनी दोन्ही फ्री केले आणि गाडी रस्त्यावर नेली. थरथर गेली. पुन्हा लॉक केले, पुन्हा आली.

"चाकात दोष नाय," मेस्त म्हणाले. "आत जा फिरता, ताच्यात आसा. उद्या डिफरन्शियल उघडतंय."

"किती दीस?"

"चार. पार्ट गावलो तर."

"आणि तवसर नारळ मी डोक्यार हाडू?"

माझा हात थांबला. आत फिरणारं आणखी एक असतं. गिअरबॉक्सकडून पुढच्या अॅक्सलला जाणारा लांब दांडा, म्हणजे पुढचा शाफ्ट. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ह्याच गाडीच्या शाफ्टचे क्रॉस, म्हणजे टोकांचे सांधे, बदलले, तेव्हा धुतला मीच. पूजेसाठी मी सगळी हत्यारं घासत होते. पान्यांवर, जॅकवर गेल्या वर्षीची पिंजर, म्हणजे कुंकू, चिकटलेली होती. शाफ्ट तिथेच पडला होता. त्याच्यावरही दोन लाल ठिपके होते. तेही मी घासून काढले. शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो, दातांवर एकात एक बसतो. ते तुकडे मीच बसवून मेस्तांच्या हातात दिले होते.

सांगितलं तर काम जाईल असं वाटलं. नाही सांगितलं तर चांगला डिफरन्शियल, म्हणजे अॅक्सलच्या मधला गिअरचा डबा, उगाच उघडला जाईल.

"मेस्त, त्या शाफ्टार दोन तांबडे ठिपके होते?"

"होते. मीच रंगान केलेले. एकामेकांसमोर येवक होये म्हणान."

"ते मी पुसले. पिंजर म्हणान."

बाबलोदादा म्हणाले, "माझ्या गाडयेची पूजाच पुसलंस गो!"

मेस्त टॉर्च घेऊन खाली शिरले. शाफ्टच्या दोन्ही टोकांना चिमट्यासारखे योक असतात. ते एका ओळीत हवेत, नाहीतर शाफ्ट फिरताना झटके देतो. आमच्या शाफ्टचे योक दोन दात सरकून बसले होते.

अर्ध्या तासात शाफ्ट उतरला, जुळला, परत चढला. "चल, बस," मेस्त मला म्हणाले. गाडी साठवर गेल्यावर त्यांनी दोन्ही हात स्टेअरिंगपासून जरा वर उचलले. स्टेअरिंग गप्प. मी पदराने तोंड पुसलं.

परत आल्यावर ते बाबलोदादांना म्हणाले, "चूक माझी. रंगाचो भरवसो केलंय." मग माझ्याकडे न बघता, "आणि इचारल्याशिवाय काय पुसू नको."

बाबलोदादा तसेच डोंगराकडे निघाले.

आता शाफ्ट उघडण्याआधी मेस्त सेंटर पंच, म्हणजे लोखंडावर खूण पाडायचा टोचा, माझ्या हातात देतात. दोन्ही तुकड्यांवर एकेक ठोका मी मारते. ती खूण रॉकेलने जात नाही. मी घासून पाहिली आहे.