रुमालाखाली गेलेलं प्रदर्शन

बसा, चहा टाकायला सांगितलाय. तोवर माझी एक फजिती ऐकून घ्या. दुसऱ्या कुणाकडून ऐकलीत तर तो तिखटमीठ लावून सांगेल. मी आपलं नुसतं मीठ लावतो.

शाळेचं आणि माझं कधी जमलं नाही. चौथीनंतर वडिलांनी मला उचलून आंब्याच्या पेटीवर बसवलं, आणि तिथं जे शिकलो ते कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. पण माझी खरी विद्या कुठली म्हणाल, तर हात. क्रॉफर्ड मार्केटात हापूसचा भाव तोंडानं होत नसे. घेणारा आणि विकणारा समोरासमोर उभे राहणार, हातात हात, वर रुमाल. आत बोटं बोलणार. जेवढी बोटं दाबली तेवढा आकडा. आजूबाजूला शंभर माणसं असोत, कुणाला पत्ता लागायचा नाही. तोंडानं आम्ही आपले थंडीवाऱ्याच्या गप्पा मारत असायचो. या विद्येत तात्याला हरवणारा दलाल अजून जन्मायचाय, असं दलालच म्हणत. बरं, मीही म्हणायचो.

आता या विद्येचा चित्रकलेशी काय संबंध? संबंध म्हणजे आमचे सुर्वे मास्तर. रत्नागिरीतल्या एका हायस्कुलात ड्रॉइंग शिकवायचे, मांडवीत माझ्या शेजारी राहायचे. अंगावर नारळ पडला तर माडाची माफी मागतील, असा स्वभाव. शाळा सुटली की रंगांची पेटी घेऊन जेटीवर जायचे, सुट्टीच्या दिवशी पालीच्या बाजारात. लोक मागे उभे राहून बघायचे, "हुबेहूब हो मास्तर" म्हणायचे आणि मासे घेऊन घरी जायचे. चित्र कुणी घेत नसे. कधीमधी कुणी घेतलंच, तर तो नात्यातला किंवा जुना विद्यार्थी.

मी एकदा त्यांना म्हटलं, विकलं गेलं ना, मग कुणी का घेईना. तर म्हणाले, "तात्या, ओळखीच्या माणसानं घेतलं की ते विकलं गेलं असं नसतं हो. ते सांत्वन असतं."

अशा माणसाला मुंबईत, फोर्टातल्या एका गॅलरीत आठवडाभर हॉल मिळाला. नुकते घरोघरी रंगीत टीव्ही यायला लागले होते, त्या सुमाराची गोष्ट. मुंबई म्हणजे चित्रांचं क्रॉफर्ड मार्केट. रत्नागिरीत तुम्ही कितीही पिका, तुमचा भाव तिथं फुटणार. निघायच्या आधी मास्तरांनी मला सांगून टाकलं, की मुंबईत एकाही परक्या माणसानं एकही चित्र घेतलं नाही, तर रंगांची पेटी शाळेतल्या पोरांना वाटून टाकणार आणि संध्याकाळच्या शिकवण्या धरणार. चिडून बोलले असते तर मी हसण्यावारी नेलं असतं. शांतपणे बोलले. शांत माणूस बोलतो ते करतो, हा माझा बाजारातला अनुभव.

मे महिना, आंब्याचा ऐन हंगाम. पंचवीस चित्रं माझ्याच ट्रकमधून, पेट्यांच्या वर ताडपत्रीखाली मुंबईला गेली. मीही मुंबईत होतो, पण मार्केट सोडून हलता येईना. शेवटच्या दिवशी दुपारी कसाबसा निघालो, खांद्यावर रुमाल, पायात वहाणा, तसाच गॅलरीत पोचलो.

आत असा गारवा की आंबा ठेवला असता तर महिनाभर पिकला नसता. आणि शांतता तर काय विचारू नका. कोपऱ्यात मास्तर बसलेले, चेहरा धुक्यानं करपलेल्या मोहरासारखा. एकही चित्र गेलं नव्हतं. माणसं येत, बघत, मान डोलवत, जात. ओळखीचे दोघे घ्यायला तयार होते, त्यांना मास्तरांनीच हात जोडले होते.

गॅलरीची व्यवस्था बघायला देवयानीबाई म्हणून होत्या. खादीची साडी, गळ्यात चांदीचा जाडजूड ऐवज, आवाज खणखणीत. माझ्यादेखत एक जोडपं आलं. मांडवीच्या जेटीचं मोठं चित्र होतं, त्यापुढे दोघं चांगली रेंगाळली. नवऱ्यानं हळूच किंमत विचारली. बाईंनी हॉलच्या त्या टोकाहून सांगितलं, "तीन हजार." नवऱ्यानं बायकोकडे बघितलं, बायकोनं छताकडे बघितलं, आणि दोघं बाहेर.

मला रोग कळला. अहो, भाव असा चारचौघांत ओरडतात काय? गिऱ्हाइकाला घासाघीस करायची लाज वाटते, आणि लाज वाटली की तो निघून जातो. म्हटलं, यांना व्यवहार कोणी शिकवलाच नाही.

मास्तरांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मी त्यांना बळेच समोरच्या इराण्याकडे धाडलं. जाता जाता म्हणाले, "कुणी आलं तर बाई बोलतील. तुम्ही नुसते बसा."

बसलो की. थोडा वेळ बसलो.

मग एक शेठ आत आले. पांढरंशुभ्र धोतर, बंद गळ्याचा कोट, मागे ड्रायव्हर. हात मागे बांधून भराभर सगळ्या भिंती बघून घेतल्या, आणि जेटीच्या चित्राशी परत येऊन थांबले. आणि मंडळी, त्यांनी काय केलं असेल? फ्रेमचा खालचा काठ धरला, चित्र भिंतीपासून अलगद पुढे ओढलं आणि मागे काय आहे ते वाकून बघितलं.

देवयानीबाई "प्लीज, हात लावू नका" म्हणत धावल्या. मी मात्र उभाच राहिलो. चित्राच्या मागे कोण बघतं? पेटीचा वरचा थर बघून जो एकदा फसलाय, तोच. हा माणूस आपल्यातला. मी पुढे होऊन विचारलं, "शेठ, कुठल्या मार्केटचे?"

त्यांनी मला वहाणांपासून टोपीपर्यंत बघितलं. म्हणाले, "फ्रूट मार्केट. तीस साल काढली. आता हॉटेल." नाव वल्लभशेठ. मीही माझं नाव सांगितलं, तात्या.

झालं. माझा हात आपोआप खांद्याकडे गेला, रुमाल निघाला, आणि देवाशप्पथ सांगतो, शेठचा हातही आपोआप त्याच्याखाली आला. किती वर्षांनी येत असेल! बोटं जाड झाली होती, पण विसरली नव्हती.

शेठनं तोंडानं एवढंच विचारलं, हजारात ना? मी मान डोलावली. मग वर मोहराच्या आणि थंडीच्या गप्पा, आणि आत लढाई. मी चार बोटांवरून सुरुवात केली. त्यांनी एक दाबलं. मी साडेतीनवर आलो, ते दीडवर चढले. देवयानीबाईंना काय वाटलं कोण जाणे. दोन म्हातारे फडक्याखाली हात धरून डोळे मिटून उभे. बिचाऱ्यांनी पाण्याचा पेला आणून ठेवला.

शेवटी दोनवर सौदा जमला. शेठनं हात झटकला, म्हणजे पक्का. "माल उचलतो," म्हणाले. मी म्हटलं, उचला. तीनचं चित्र दोनला गेलं म्हणून जरा टोचलं, पण मास्तरांची पेटी वाचली होती. परका माणूस, रोख व्यवहार, आणि तो कुणी जुळवला? तात्यानं. छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण लोंबकळायला लागलं.

थोड्या वेळानं ड्रायव्हर दोन माणसं घेऊन आला, आणि त्यांनी दाराजवळच्या भिंतीपासून चित्रं उतरवायला सुरुवात केली. मी म्हटलं, बाबांनो, जेटी तिकडे आहे. तर म्हणाले, शेठनं सगळा माल सांगितलाय.

"सगळा?"

देवयानीबाईंचा आवाज चढला. ही आर्ट गॅलरी आहे, भाजीमार्केट नाही, इथं एकेका चित्राला अर्थ असतो, वगैरे. मी शेठपाशी गेलो आणि घसा खाकरून म्हटलं, शेठ, मी त्या एकाच चित्राचा भाव केला होता.

शेठ रागावले नाहीत. त्यांना खरोखरच आश्चर्य वाटलं. "तात्याशेठ, रुमालाखाली कधी एका आंब्याचा भाव झालाय?"

बोला आता. जन्मभर मी त्याच नियमानं धंदा केला होता. रुमालाखाली भाव ठरतो तो नगाचा, आणि माल जातो अख्खा, लहान-मोठा मिसळून. शेठचं नवं हॉटेल तयार होत होतं, खोल्याखोल्यांतून भिंती कोऱ्या होत्या. त्यांना लॉटच हवा होता. बाजारातला माणूस भेटला म्हणून बिचाऱ्यांनी जास्त काही विचारलंही नाही. आणि हात झटकल्यावर शब्द मागे घ्यायचा नाही, हेही मी कितीतरी जणांना सुनावलेलं.

पण आंबे माझे असत. ही चित्रं माझी थोडीच होती? एका माणसाच्या अख्ख्या आयुष्याची मेहनत मी मालकाला न विचारता लॉटनं फुंकून बसलो होतो. त्या गारव्यात मला घाम फुटला.

तेवढ्यात मास्तर दारात. अर्ध्या भिंती उघड्या. त्यांना वाटलं, गॅलरीनं वेळेआधीच गाशा गुंडाळायला लावला. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. वर देवयानीबाईंनी भर घातली, "लॉटने विकलीत यांनी तुमची चित्रं. लॉटने."

मास्तर सरळ शेठपुढे जाऊन उभे राहिले आणि अगदी हळू विचारलं, "आपली कुठे ओळख आहे का? रत्नागिरीत कुणी नातेवाईक वगैरे?"

शेठ ओशाळले. "ना भाई. माफ करा, पण तुमचं नावपण मला ठाऊक नाय."

मास्तर मटकन बाकावर बसले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. "नावही ठाऊक नाही," असं आपल्याशीच दोनदा म्हणाले आणि हसायला लागले. एवढा अपमान ऐकून एवढा आनंदलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. मग उठून हमालांना म्हणाले, "तो पालीचा बाजार उलटा धरलाय तुम्ही, गाड्या खाली करा."

आता देवयानीबाईंनी मनातल्या मनात हिशेब केला. जेटीत हजार गेले होते खरे, पण बाकीची बरीचशी चित्रं लहान, आठशे-हजाराची. तीही दोन-दोन हजाराला गेली होती. गॅलरीचा टक्का त्या प्रमाणात. बाईंच्या चेहऱ्यावरचं भाजीमार्केट बघता बघता मावळलं आणि माझ्यासाठी चहा आला, बशीसकट. बाहेर बातमी फुटली की अख्खं प्रदर्शन एका गिऱ्हाइकानं उचललं. आठवडाभर मान डोलवून गेलेले लोक परत आले आणि रिकाम्या भिंतींसमोर हळहळायला लागले. बाईंनी तिथल्या तिथं मास्तरांना पुढच्या वर्षीचा हॉल दिला. नंबर लावावा लागला नाही.

रत्नागिरीत काय थाट विचारता! शाळेत मास्तरांचा सत्कार झाला, स्टेजवर शेजारच्या खुर्चीत मी. हार मास्तरांना, पण टाळ्यांतल्या निम्म्या मी माझ्या धरल्या. मग लोक माझ्याकडे काय काय घेऊन यायला लागले. कुणी आजेसासूची समई, कुणी फुटका हार्मोनियम. तात्या, रुमालाखाली बघा काय जमतंय का.

एके दिवशी दुकानात शेठचा ट्रंक कॉल आला. माल पोचला, भिंतीवर चढला, सगळं उत्तम. मग म्हणाले, "वर्ताळा राहिला, तात्याशेठ."

वर्ताळा म्हणजे वरचा माल. शंभर आंब्यांवर आम्ही चार फुकट घालतो, एखादा नासका निघाला तर भरून निघावं म्हणून. म्हणजे पंचवीसावर एक. शेठचं बरोबर होतं, मी कुठल्या तोंडानं नाही म्हणणार? पण मास्तरांकडे एक चित्र शिल्लक असेल तर शपथ.

मास्तर काही डगमगले नाहीत. म्हणाले, "देऊ की नवीन. सौदा तुम्ही केलात, तर तुम्हीच बसा समोर."

पडवीत आंब्याच्या पेटीवर मी रोज सकाळी बसायला लागलो, खांद्यावर रुमाल, नजर समोर. चित्र असं उतरलं की मिशीचा एकेक केस मोजून घ्या. बायको म्हणाली, नाक जरा आवरायला सांगायचं होतंत. मी लक्ष दिलं नाही. गावभर सांगत सुटलो, की मुंबईच्या मोठ्या हॉटेलात आता दारातच तात्या भेटणार.

पुढच्या हंगामात बायकोला घेऊन गेलो, मुद्दाम दाखवायला. दारात शिरलो तर समोर मांडवीची जेटी, वर खास दिवा सोडलेला, आणि दोन गोरे साहेब तिच्यापुढे उभे. वेटर त्यांना मास्तरांचं नाव सांगत होता. जिन्यात पालीचा बाजार, पुढे गणपतीपुळ्याचा किनारा, त्याच्या पुढे जांभ्याची खाण. मजल्यामागून मजले चढलो. अख्खी रत्नागिरी भिंतीवर, आणि मी कुठे नाही!

शेवटी एका माणसाला विचारलं. त्यानं आम्हाला स्वयंपाकघराच्या मागे नेलं, जिथं भाजी-फळं उतरतात त्या कोठीत. कांद्याची पोती, वजनकाटा, आणि काट्याच्या बरोबर वर मी. डोळे वटारून बसलेला.

कोठीवाल्यानं माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही, चित्राकडे मात्र कौतुकानं बघत म्हणाला, "हा गृहस्थ इथं टांगल्यापासून एकही भाजीवाला वजनात मारत नाही."

बायकोनं विचारलं, "केवढ्याला पडलं हो हे?"

"हे? फुकट. पंचवीसांवर वर्ताळा म्हणून आलेलं."

बायकोनं चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "माणूस पारखी आहे हो तुमचा शेठ."