वाटीच्या तळाला चीक

अंबरनाथच्या आमच्या घरात परीकथा नव्हत्या, पत्रकं होती. वडील कारखान्यातून संपाची आणत, आई महिला मंडळातून हुंड्याविरुद्धची. चहाच्या कपाखालीसुद्धा एखादा जाहीर निषेध असायचा. त्यामुळे नव्वदच्या सुमाराला ताईचं बाळ सातव्या महिन्यातच जन्मलं आणि उल्हासनगरच्या एका दवाखान्यात काचेच्या पेटीत गेलं, तेव्हा मी रडले नाही. पत्रक लिहिलं.

कारणही तसंच होतं. ओंजळीत मावेल एवढं बाळ, त्याला चोखता येत नव्हतं. नाकातल्या नळीतून दूध द्यायचं होतं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "याचं पोट अजून कच्चं आहे. आईचं दूध पचेल, जंतूंपासून राखेल. पावडरीचं जड जाईल. थेंबभर आलं तरी पिळून द्या."

ताईने वाटीत पिळलं. तळ जेमतेम ओला झाला. घट्ट, पिवळा चीक.

ताईच्या सासूबाई मांजर्लीहून आल्या होत्या. मी त्यांना मावशी म्हणायचे. त्यांनी वाटी उचलली आणि थेट मोरीकडे निघाल्या. "हे नासकं. पहिलं टाकायचंच असतं. मी पावडरीचा डबा मागवलाय."

मी आडवी गेले. "मावशी, हा बाळाच्या हक्कावर घाला आहे!"

"बाजूला हो गं, घालाबिला. सांडेल ना."

"टाकायचंच आहे तर सांडलं म्हणून काय बिघडलं?"

मी पर्समधून पत्रक काढलं आणि खड्या आवाजात सुरू झाले, "माता-भगिनींनो, नफेखोर पावडरवाल्यांच्या..."

"हळू गं," ताई कळवळली. "हसले की टाके दुखतात."

"हिला स्थळ कुठून मिळायचं!" असं म्हणून मावशींनी वाटी स्टुलावर टेकवली आणि पिशवीतून सुनेसाठी आणलेला डबा उघडला. गूळ-वेलचीचा वास वॉर्डभर पसरला.

"काय आहे?" मी विचारलं.

"खरवस. परवा म्हैस व्यायली ना! असा चीक होता, पिवळाधमक."

"पिवळा? मग टाकला नाहीत?"

"टाकायला मला वेड लागलंय? आधी रेडकाला पोटभर पाजला, उरला त्याचा हा."

"रेडकाला कशाला पाजला?"

"कशाला म्हणजे? चिकाशिवाय ते जगेल का? पायावर उभं..."

मावशी मध्येच थांबल्या. पलीकडच्या खाटेवरची सिंधी बाई मात्र थांबली नाही. "माई, भैंस का बच्चा माँ का दूध पिएगा, और पोता पावडर?"

अख्खा वॉर्ड हसला. मावशी सोडून. त्या वाटीकडे बघत राहिल्या, मग दाराकडे वळून ओरडल्या, "सिस्टर! कुठे गेलात? नळी आणा. वाटी कधीची भरून ठेवलीय!"

पुढे सगळा कारभार त्यांनीच हातात घेतला. दर थोड्या वेळाने ताईच्या पाठीवरून हात फिरवत त्या जिभेने टक्‌टक् असा आवाज करायच्या.

"आई, मी म्हैस नाही," ताई सासूबाईंना म्हणायची.

"गप. म्हैस बडबडत नाही, म्हणून जास्त देते."

वाटी थेंबाथेंबाने भरू लागली. पावडरीचा डबा आला तसाच परत गेला. माझी पत्रकं मावशींनी मागून घेतली. मला कोण आनंद झाला! मग बघते तर त्यांनी एकेका पत्रकावर खरवसाची वडी ठेवून ती वॉर्डभर वाटली होती. 'माता-भगिनींनो'वर गुळाचा डाग. तरी दोघी-तिघींनी खाता खाता वाचलं आणि एकीने तर "वाटी कुठे मिळेल?" असंही विचारलं. माझ्या कुठल्याच पत्रकाला असं यश आलेलं नाही.

काही आठवड्यांनी नळी निघाली. बाळ ताईच्या छातीशी धडपडलं, चुकलं, पुन्हा धडपडलं, आणि चुटूक चुटूक आवाज आला. मावशींनी पदर डोळ्यांना लावला. "उभं राहिलं गं आमचं रेडकू!"

हे नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच. तिसरीत गेल्यावर मात्र त्याला ते मुळीच आवडेनासं झालं. एकदा बदलापूरला ताईच्या घरी गेले तर दारावर वहीचं पान डकवलेलं, वर मोठ्या अक्षरांत 'जाहीर निषेध'.

शुद्धलेखन वाईट होतं. बाकी रक्त आमचंच.