पुढच्याची हाक

लेप हाताने शोधायचा मासा नाही, पायाने शोधायचा. ओहोटीला पाणी गुडघ्याखाली आलं की तो खाडीच्या तळाला जिभेसारखा चपटा पडून राहतो. अंगावर चिखलाचा पातळ थर ओढून घेतो आणि एकाच बाजूला असलेल्या दोन डोळ्यांनी वर बघत बसतो. माणसाने पाय उचलायचा नाही. तळवा घासत वीतभर पुढे न्यायचा, मग आणखी वीतभर. खाली खरखर लागली की टाच दाबून धरायची, वाकायचं, नडगीवरून हात खाली नेऊन कल्ल्यांमागे पकडायचं आणि कमरेच्या पिशवीत टाकायचं. दोन तास असं चाललं की मांड्या भरून येतात. ज्याच्या मांड्या भरून आल्या नाहीत त्याने पाय उचलले, असा दयारामचा हिशेब होता.

कळंबोलीच्या लोखंड बाजारात त्याने एकतीस वर्षं माथाडीचं काम केलं. जोडीला त्याच्याच गावचा महादेव. वीस फुटी सळयांची मोळी दोघांच्या खांद्यावर, पुढे दयाराम, मागे महादेव. मागच्याला वाट दिसत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर लोखंड असतं आणि पुढच्याची पाठ. म्हणून पुढच्याने हाक द्यायची. "खड्डा." "पायरी." "डावीकडं." एकतीस वर्षांत दयारामची हाक एकदाही चुकली नाही. महादेवच्या नखालाही कधी लागलं नाही.

पनवेलच्या खाडीतही ते त्याच क्रमाने उतरायचे. पुढे दयाराम, चार हात मागे आणि जरा उजवीकडे महादेव. इथे हाक एकच. "पाकट!"

पाकटही लेपासारखंच चपटं पडून असतं, पण त्याच्या शेपटीवर विषारी काटा असतो. पायाला ते गुळगुळीत लागतं. तसं लागलं की ओरडायचं आणि दोघांनी बाहेर यायचं. त्या ओहोटीला पुन्हा पाण्यात उतरायचं नाही, मग पिशवी रिकामी का असेना. कारण डिवचलेलं पाकट लांब जात नाही. दोन-चार हातांवर पुन्हा बसतं आणि पुढचा पाय अंगावर आला की काटा मारतं. हा नियम त्यांच्या बापांच्याही आधीपासूनचा.

दोन वर्षांपूर्वीच्या कार्तिकात सकाळी दोघं उतरले होते. तासाभरात महादेवचे सात लेप झाले, दयारामचे दोन.

"दया, तुझ्या तळव्याला घट्टे पडलेत रं," महादेव मागून बोलला. "लेप काय उठून सांगनार हाय, मी इथं हाय म्हनून?"

"गप चाल."

"वैनीला सांगू नको सात-दोन. आज उपाशी ठेवील तुना."

दयाराम हसला, पण त्याला ते लागलं. त्याला तिसरा सापडला. आणि दहा-बारा पावलांवर डाव्या तळव्याखालून काहीतरी मऊ, गुळगुळीत सरकलं आणि उजवीकडे गेलं. त्याने तोंड उघडलं. ओहोटी अजून तासभर होती. हाक दिली तर हिशेब सात-तीनवर संपणार. त्याने तोंड मिटलं. लेप असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. लेप नाही हे त्याच्या पायाला माहीत होतं.

सातव्या पावलाला महादेव किंचाळला.

बांधावरून गावातल्याच नझीरची रिक्षा मिळाली म्हणून पनवेलच्या दवाखान्यात लवकर पोहोचले. पण महादेवला साखरेचा आजार. जखम चिघळली, तीन आठवड्यांनी उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. पहिल्याच दिवशी दवाखान्याच्या बाकावर महादेवच्या बायकोने, वेणूने, विचारलं, "झालं कसं भावजी?"

"पाय उचलला असंल," दयाराम बोलला.

त्यातलं 'असंल' वेणूने तिथेच सोडून दिलं. त्या दिवसापासून ती नवऱ्याला एकच बोलायची. "सगल्या गावाला शिकवलं, पाय उचलू नका, पाय उचलू नका. आनि सोता उचलला." महादेव ऐकून घ्यायचा. मुलाने विचुंब्याला फ्लॅट घेतला होता, तिथे ते राहायला गेले. तिसऱ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये महादेव रोज संध्याकाळी तळवे घासत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा. शेजारच्यांना वाटायचं, डॉक्टरने सांगितलं असेल.

दयाराम दर आठवड्याला जायचा. सोलून साफ केलेले लेप न्यायचा. वेणू चहा करायची आणि म्हणायची, "भावजींसारखा मानूस नाय. कोन येतो आजकाल?" दयाराम चहा पिऊन उठायचा. दर वेळी तो जिन्यात ठरवायचा की आज बोलायचं, आणि दर वेळी तसाच खाली यायचा.

खाडीत मात्र तो आता कशालाही हाक द्यायचा. बरोबर कोणी नसलं तरी. पायाला प्लास्टिक लागलं, पाकट. सडकी चप्पल लागली, पाकट. नियम म्हणजे नियम, तो पाण्याबाहेर यायचा. गावची माणसं हसायची.

या कार्तिकात महादेवने हट्ट धरला की खाडीत उतरायचंच. वेणूने अट घातली. "भावजी पुढं असतील तरच. आनि भावजी, यांनी पाय उचलला तर मना येऊन सांगा."

नझीरने दोघांना बांधावर सोडलं आणि चहाचा थर्मास घेऊन तिथेच बसला. महादेव पाण्यात उतरला. आठ बोटांनी तळ चाचपला आणि पोरासारखा हसला. पहिला लेप त्यालाच मिळाला, दुसराही. तेवढ्यात दयाराम ओरडला, "पाकट!"

महादेव जागच्या जागी थांबला. दयारामने खाली हात घालून वर काढलं. दुधाची पिशवी.

"चल पुढं," महादेव म्हणाला. पाच मिनिटांनी पुन्हा "पाकट!" या वेळी नारळाची करवंटी.

बांधावरून नझीर ओरडला, "दयारामभाय, आज पाकटांचा बाजार भरलाय काय? तौबा! दोन वर्षं बघतोय, करवंटीलाबी काटा फुटलाय तुमच्या!"

महादेव हसला नाही.

"दया."

"काय?"

"पिशवीला हाक, करवंटीला हाक. एकतीस वर्षं तुझ्या मागं चाललो. खड्डा नसताना तू कवा खड्डा बोलला नाय."

दयारामने हातातली करवंटी पाण्यात सोडून दिली.

"त्या दिवशी तुझ्या पायाला लागलं व्हतं?"

नाही म्हणता आलं असतं. नाही म्हटलं असतं तर महादेवने ते मानलंही असतं, कारण त्याने आजवर दयारामचं सगळंच मानलं होतं.

"लागलं व्हतं."

"समजलं व्हतं, काय हाय ते?"

"समजलं व्हतं."

"मंग?"

"तुझे सात झालते. माझे तीन."

महादेवने मान डोलावली, जशी सळयांची मोजणी ऐकून डोलवायचा. "मी पाय उचलला नव्हता," तो हळू बोलला. मग पुन्हा एकदा तेच बोलला. मग बांधाकडे वळला. "घरी चल. वेणूला सांग. मी नाय सांगनार. तू सांग."

दोघं रिक्षात बसले. नझीरने आरशातून एकदा मागे बघितलं आणि पुन्हा बघितलं नाही.

वेणूने चहा ठेवला होता. दयाराम बसला नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून त्याने सगळं सांगितलं. सात आणि तीनही सांगितलं. वेणूने गॅस बंद केला. ती आधी नवऱ्याकडे वळली.

"मंग तुमी ऐकून कशाला घेतलंत?"

"मना वाटलं, उचलला असंल. दया बोलला म्हनून."

आता ती दयारामकडे वळली. "दोन वर्षं या मानसाला मी रोज बोलले. जेवताना बोलले. पाहुन्यांसमोर बोलले. आनि तुमी इथं बसून चहा पीत व्हता."

दयारामने सकाळी आणून ठेवलेली लेपांची पिशवी तिने ओट्यावरून उचलून त्याच्या हातात दिली. "घेऊन जा."

तो चपला घालत होता तेव्हा आतून महादेवचा आवाज आला. "उद्या पानी नवाला उतरंल."

"येऊ?"

"ये. पुढं मी."

दुसऱ्या दिवशी नऊला दोघं उतरले. पुढे महादेव, चार हात मागे आणि जरा उजवीकडे दयाराम. उभ्या आयुष्यात तो पहिल्यांदाच मागे चालत होता. पुढे महादेवची पाठ होती, बाकी गढूळ पाणी. महादेवचा बोटं गेलेला पाय तळाला घासत जात होता, एकदाही उचलला जात नव्हता. दयारामने दोन तास त्याच पायाची पोटरी बघितली. त्याला स्वतःला एकही लेप मिळाला नाही.

परतायच्या थोडं आधी महादेव एका जागी थांबला. डावा तळवा त्याने मागेपुढे फिरवला. चिखलाचा ढग वर आला आणि उजवीकडे पसरला. दयाराम थांबला. हाकेची वाट बघत राहिला.

महादेव काही बोलला नाही. तसाच पुढे सरकला.

काही नसेलही. असेलही. विचारायचा हक्क आपल्याला नाही, हे दयारामला ठाऊक होतं. त्याने त्या ढगात पाय घातला, न उचलता, वीतभर. मग आणखी वीतभर.